भुसावळची मायाअक्का विरुद्ध सरकार

भुसावळच्या कोर्टात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य बांध, भाडेकरू आणि भावकी यांच्यात गेलं. बाई वकील म्हणून सुरुवातीला पोटगीची कामं आपोआप यायची, मग जमिनीची येऊ लागली, आणि रेल्वेत नोकरी करणाऱ्यांच्या वारसांचे वाद तर आमच्या गावाला कधीच कमी पडले नाहीत. या सगळ्यात माणसाला घरातून बाहेर काढण्याचे हुकूम मी शेकड्यांनी वाचले असतील. पण माणसाला देशातून बाहेर काढण्याचा हुकूम पहिल्यांदा हातात धरला तो मायाअक्कामुळे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट.

मायाअक्का कवळ्या बनवायची. पोलिसांच्या दप्तरात तिचं नाव तान मेई. मेईचं गावानं माया केलं आणि वय वाढलं तसं पुढे अक्का लागलं. तिचा बाप चिनी. तरुणपणी तो दातांची अवजारं घेऊन कलकत्त्याला उतरला आणि रेल्वेच्या आधारानं सरकत सरकत भुसावळला येऊन थांबला. बाजारपेठेत त्याचा दवाखाना होता. बाहेर लाकडी पाटीवर दातांच्या दोन रांगा काढलेल्या. माझ्या आजोबांचे दात त्यानंच काढले होते. बाप गेल्यावर मायाअक्कानं दवाखाना बंद केला, कारण दात काढायचा परवाना तिच्याकडे नव्हता. पण मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि दातांचे साचे घेऊन ती बसायची आणि गावातले डॉक्टर तिच्याकडून कवळ्या करून घ्यायचे. तिची कवळी बोलताना खाली येत नाही, अशी तिची ख्याती होती.

ती माझ्याकडे आली ती दुपारची, हातावर प्लास्टरचे पांढरे डाग तसेच. साडी आपल्याकडच्या बायका नेसतात तशी, कपाळाला काही नाही. हुकूम माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "वकीलबाई, आधी एक सांगा. तुम्हाला हा कायदा येतो का?"

मी हुकूम वाचला. परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली, ठरलेल्या मुदतीत भारत सोडून जावं, असं त्यात म्हटलं होतं. मी म्हटलं, "नाही येत, अक्का. आजवर कधी कामच पडलं नाही."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली. "आधीच्या दोघांना येत होता. एकानं सांगितलं, काही होत नसतं, घरी जा. दुसऱ्यानं सांगितलं, काही करता येत नसतं, घरी जा. तुम्ही निदान शिकाल."

अशी माझी नेमणूक झाली. आजवर कुठल्याही अशिलानं माझी इतकी रोखठोक परीक्षा घेतलेली नाही.

हा प्रसंग तिच्यावर का आला ते आधी सांगते. बासष्ट साली चीनशी लढाई झाली तेव्हा देशभरातल्या चिनी माणसांची नावं पोलिसांनी परदेशी म्हणून नोंदवली. मायाअक्का तेव्हा ऐन विशीत होती. बापानं सही केली, त्याच्या शेजारी तिनंही केली. तेव्हापासून दरवर्षी राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा आणि गावाची हद्द ओलांडायची तर आधी परवानगी काढायची, असा नियम तिला लागला. तिनं तो वर्षानुवर्षं पाळला. जळगावला लग्नाला जायचं तरी अर्ज. बहुतेक वेळा परवानगी लग्न होऊन गेल्यावर मिळायची.

नियम तिनं मोडला तो एकदाच. एदलाबादला, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरला, एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. तिची कवळी टोचायची म्हणून तिनं ती काढून ठेवली होती आणि खाणं सोडलं होतं. म्हातारीचा मुलगा येऊन गयावया करू लागला. अक्का त्याच्याबरोबर गेली, कवळी घासून बसवली, म्हातारीला वरण-भात भरवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली. कोणीतरी तक्रार केली. खटला झाला, आणि वकील न घेता ही बाई मॅजिस्ट्रेटसमोर म्हणाली, "हो, गेले होते." दंड झाला. पण त्या गुन्ह्याचा आधार घेऊन वर अहवाल गेला. भुसावळ म्हणजे रेल्वेचं मोठं जंक्शन, शेजारी दारूगोळ्याचा कारखाना. अशा ठिकाणी नियम मोडणारी परदेशी बाई नको, असं कुठल्यातरी टेबलावर ठरलं आणि हुकूम निघाला.

"पण तुम्हाला पाठवणार कुठे?" मी विचारलं.

"मीपण तेच विचारलं जमादाराला. तो म्हणाला, चीनला. मी म्हटलं, पत्ता दे."

तिच्याकडे कुठल्याच देशाचा पासपोर्ट नव्हता. आई ती अगदी लहान असताना गेली. बापाशी ती जे थोडंफार चिनी बोलायची, ते त्याच्याबरोबर संपलं. लिपी तर तिला कधीच आली नाही.

बातमी पसरली तसे सल्ले येऊ लागले. त्यातला एक फार वजनदार माणसाकडून आला. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. ते माझ्या ऑफिसात येऊन म्हणाले, "ताई, कशाला भानगडीत पडता? तिला नेपाळी दाखवा. चेहरा जमतोच आहे. नेपाळच्या माणसाला परवाना लागत नाही, हद्दपारी नाही. कागद मी करून देतो."

खरं सांगायचं तर सल्ला मूर्खपणाचा नव्हता. धोका होता, पण मिटलंही असतं कदाचित. अक्का समोरच बसलेली होती. तिनं त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "भाऊ, माझ्या बापानं जन्मभर लोकांना खोटे दात बसवले. आमच्या घराला तेवढं खोटं पुरे आहे."

ते हसले, पण त्यांना ते लागलं असावं. पुन्हा आले नाहीत. मला मात्र त्या दिवशी कळलं की हा खटला मला सरळच चालवावा लागणार आहे.

सरळ चालवायचा तर कायदा शिकायला हवा. जळगावच्या वकील संघाच्या वाचनालयात थोडं मिळालं, उरलेलं औरंगाबादला. तिथल्या हायकोर्टात एक ज्येष्ठ वकील होते. त्यांनी माझी कागदपत्रं चाळली आणि विचारलं, "बाईंचा जन्म कुठला?"

"भुसावळ. पोलिसांच्या नोंदीतसुद्धा भुसावळच आहे."

"मग त्या परदेशी आहेत असं कोणी ठरवलं?"

 खरोखर तसं कोणीच ठरवलं नव्हतं. नाव चिनी, चेहरा चिनी, सही केलेली, एवढ्यावर सगळं चाललं होतं. त्यांनी मला घटनेचं पाचवं कलम समजावून सांगितलं. कायद्याशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सोप्या भाषेत सांगते. घटना लागू झाली त्या दिवशी जो माणूस भारतात जन्मलेला होता आणि ज्याचा अधिवास भारतात होता, तो भारताचा नागरिक झाला. त्यासाठी अर्ज नको, सही नको. जन्माचा प्रश्न नव्हता. प्रश्न अधिवासाचा. अधिवास म्हणजे नुसतं राहणं नव्हे, कायम इथेच राहायचं असं मनात असणं. आणि त्या दिवशी मायाअक्का अज्ञान, म्हणजे वयानं लहान, असल्यामुळे तिचा अधिवास तिच्या बापाचा अधिवास. थोडक्यात, मेलेल्या माणसाच्या मनात चाळीस वर्षांपूर्वी काय होतं, ते आम्हाला सिद्ध करायचं होतं. त्यात या कायद्यात पुराव्याचं ओझं सरकारवर नसतं. आपण परदेशी नाही, हे ज्याचं त्यानं दाखवायचं असतं.

हायकोर्टानं हुकमाला स्थगिती दिली आणि नागरिकत्वाचा प्रश्न पुरावा घेऊन दिवाणी कोर्टात ठरवून घ्या, असं सांगितलं. सरकारविरुद्धचा दावा म्हणून तो जळगावला लागला. आणि तिथे नवीनच गंमत. जळगावला जायचं म्हणजे गावाची हद्द ओलांडणं. त्यामुळे पोलिसांविरुद्ध दाव्याला हजर राहायला अक्काला प्रत्येक तारखेला पोलिसांचीच परवानगी काढावी लागायची. ती न चुकता अर्ज करायची. मी एकदा चिडून म्हटलं, "अक्का, हायकोर्टाचा कागद आहे आपल्याकडे, आता कोण अडवतंय?"

"एकदा विचारायचं राहिलं म्हणून तर इथवर आले ना, वकीलबाई."

बापाच्या मनातलं दाखवायला साक्षीदार हवे होते. बरोबरीचे बहुतेक लोक गेले होते. मी अक्काला पुन्हा पुन्हा विचारत होते, बाबा परत जाण्याबद्दल कधी काही बोलायचे का, घर घेतलं होतं का, जमीन घेतली होती का. घर भाड्याचं, जमीन नाही. एके दिवशी ती कवळीला मेणाचा आकार देता देता म्हणाली, "आईच्या शेजारी स्वतःची जागा बांधून ठेवली होती, तेवढं मात्र आहे."

मला आधी कळलंच नाही. मग ती मला रेल्वे कॉलनीपलीकडच्या दफनभूमीत घेऊन गेली. एकाच ओट्यावर शेजारी शेजारी दोन थडगी होती. एक आईचं, एक बापाचं. दोन्ही एकाच वेळी बांधलेली. पण आई गेली तेव्हा बाप जेमतेम चाळिशीचा होता. पुढची पंचवीस-तीस वर्षं ती दुसरी जागा रिकामी होती.

"कोणी बांधलं हे?"

"सुपडू मिस्तरीनं. आता धरणगावला मुलाकडे असतो. मध्ये कवळी करून घेऊन गेला माझ्याकडून."

अक्काला धरणगावला जाता येत नव्हतं, म्हणून मी गेले. कपाशीच्या गाड्या जिनिंगसमोर लागल्या होत्या आणि तिथल्याच भिंतीच्या सावलीत सुपडू मिस्तरी बसलेले सापडले. ऐंशीच्या घरातला काटक माणूस. मी येण्याचं कारण सांगितलं. मुलगा म्हणाला, कोर्टकचेरी नको, आबा थकले आहेत. म्हातारा त्याला म्हणाला, "तू गप ऱ्हाय." आणि मला म्हणाला, "कवय येवानं ते सांग." कधी यायचं, एवढंच त्याला हवं होतं.

साक्षीच्या दिवशी ते पांढरं धोतर, टोपी अशा थाटात आले. न्यायाधीश कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. सरकारी वकील सज्जन माणूस, पण कामात चोख. त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"हे काम कोणत्या साली केलं?"

"सन माले ठाऊक नही, साहेब."

"मग घटना लागू होण्याआधीचं आहे हे कशावरून सांगता?"

"गांधीबाबा गयात ना, तवयनी गोट शे."

न्यायाधीशांनी मान वर केली. "शे म्हणजे?"

मी म्हटलं, "आहे, साहेब. गांधीजी गेले तेव्हाची गोष्ट आहे."

मग मिस्तरी कोणी न विचारताच सांगू लागले. संध्याकाळी काम चालू होतं. गावातून एकजण पळत आला, हॉटेलच्या रेडिओवर ऐकलं म्हणाला. सगळ्यांच्या हातातली कामं गळून पडली. दुसऱ्या दिवशी गाव बंद. "कालवेल चुना घमेलामाच सुकी गया," ते म्हणाले, आणि हाताची बोटं अशी आवळून दाखवली की वाळलेला चुना समोर दिसावा. पुढे सुतक फिटल्यासारखं झालं तेव्हा काम पुन्हा धरलं. चिनी डॉक्टर रोज येऊन बसायचा. बायको गेल्यापासून बोलणं कमी झालेलं. त्यानं सांगितलं होतं, "मिस्तरी, दोन जागा कर. एक इन्ही, एक मन्ही."

"त्यांना मराठी येत होतं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"मराठी कसानं? आम्हनी भाषा बोले तो."

सरकारी वकिलांनी शेवटचा बाण काढला. "मिस्तरी, तुमच्या तोंडात कवळी आहे ना? कोणी बनवली?"

म्हाताऱ्यानं अक्काकडे बोट केलं.

"म्हणजे तुम्ही या बाईंचे उपकार मानता. त्यांच्यासाठीच बोलताय."

सुपडू मिस्तरींनी थोडा विचार केला. "कवळी तिन्ही शे साहेब," ते म्हणाले, "पन जीभ मन्ही शे."

या वेळी न्यायाधीशांना भाषांतर लागलं नाही. सरकारी वकीलही हसले आणि खाली बसले.

अक्काची उलटतपासणी मात्र अवघड गेली. सही तिची होती, दरवर्षीच्या परवान्यावरही तिचीच. "तुम्ही स्वतःला पंचवीस वर्षं परदेशी म्हणवून घेतलं, आज नागरिक कशा झालात?" असं त्यांनी विचारलं. मी तिला उत्तर पढवलं नव्हतं. ती म्हणाली, "तेव्हा पोलीस दारात होते. बाबांनी सही केली. मी नसती केली तर त्यांना एकट्यालाच नेलं असतं, असं मला वाटलं. म्हणून केली. कागदावर काय लिहिलंय ते विचारायचं सुचलं नाही." मग म्हणाली, "पुढे सुचलं. पण तोवर विचारायची भीती वाटायला लागली होती."

 मला वाटतं, आमचा दावा तिथेच अर्धा जिंकला गेला.

युक्तिवादात सरकारी वकील म्हणाले, थडगं बांधलं म्हणून अधिवास होत नाही. मी म्हटलं, घर बांधणारा माणूस उद्या ते विकून जाऊ शकतो. पण ऐन उमेदीत जो बायकोच्या शेजारी आपली कायमची जागा बांधून घेतो, त्याच्या मनात काय होतं याला याहून मोठा पुरावा कुठून आणायचा? निकाल आमच्या बाजूनं लागला. मायाअक्का भारताची नागरिक आहे, आणि तशी ती घटना लागू झाली त्या दिवसापासून होती.

लोकांना वाटतं, निकाल लागला की खटला संपला. सरकारशी भांडण असलं की तो तिथे फक्त बसून पाणी पितो. सरकारनं जिल्हा न्यायालयात अपील केलं. ते कित्येक वर्षं चाललं. तारखा पडल्या, न्यायाधीश बदलले, सरकारी वकील बदलले. मधल्या काळात परवान्याचा जाच सैल झाला, पण गेला नाही. अक्का तारखेला यायची, बाकावर बसायची, पुकारा झाला की उभी राहायची. तिला कंटाळलेलं मी कधी पाहिलं नाही. अपील फेटाळलं गेलं त्या दिवशी मी तिला पेढा दिला. तिनं तो हातात धरून ठेवला आणि विचारलं, "आता आणखी वर जातील?"

"मुदत आहे त्यांना."

"मग मुदत संपू द्या."

मुदत संपली. सरकार पुढे गेलं नाही. आणि मग बाई माझ्या ऑफिसात येऊन बसली आणि हुंदके देऊन रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पेपरात चार ओळी आल्या आणि माझ्याकडे माणसं येऊ लागली. त्यात धुळ्याचे एक विणकर होते, आपल्या बहिणीला घेऊन आलेले. हमीदाबी धुळ्यातच जन्मली, वाढली. लग्न कराचीतल्या आतेभावाशी झालं. तो वारला, मूलबाळ नाही, सासरी कोणी ठेवून घेईना. व्हिसा घेऊन माहेरी आली, व्हिसा संपला, आणि आता निघून जा म्हणून सांगणं आलं होतं. नेमकी त्या दिवशी मायाअक्का माझ्याकडे सहज आलेली होती. ती कोपऱ्यात बसून ऐकत होती.

मला खरं सांगणं भाग होतं. हमीदाबीनं सज्ञानपणी, स्वतः, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं होतं. कुठलंही कोर्ट तिला आज नागरिक ठरवणार नव्हतं. मी म्हटलं, "दाव्यात दम नाही, भाऊ. अर्ज करून वर्षभराची मुदत वाढवून घेता येईल. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. एवढंच माझ्या हातात आहे."

तो माणूस खचलाच. इतक्या लांबून ज्या वकिलाचं नाव ऐकून आला, तिनंच हात वर केले. त्याची बहीण तर वर बघायलाही तयार नव्हती. मला स्वतःचा राग आला. शिकलेला कायदा ऐन वेळी तोकडा पडतो, तेव्हा वकिलाला तोंड लपवावंसं वाटतं.

मायाअक्का उठून हमीदाबीशेजारी येऊन बसली. "वकीलबाई, मग तेच करा ना," ती म्हणाली. "वर्षावर वर्ष वाढवत माणूस जगतं. मी जगले. कवळ्या केल्या, सणवार केले, भांडले, आजारी पडले, सगळं त्यातच केलं." मग हमीदाबीला म्हणाली, "तू फक्त तारीख चुकवू नको. मी येत जाईन तुझ्याबरोबर."

मला वाटलं, धीर द्यायला बोलली. पण मुदतवाढीच्या दिवशी मी धुळ्याला पोचले तर ही बाई आमच्या आधी भुसावळहून येऊन पोलीस कचेरीच्या पायरीवर बसलेली. पिशवीत पाण्याची बाटली, पोळी-चटणी. तिला माहीत होतं, तिथे किती वेळ लागतो ते. हमीदाबीला तिनं आधी खायला लावलं. मग कुठल्या टेबलावर आधी जायचं, साहेब जेवायला उठायच्या आत कोणता शिक्का घ्यायचा, सही करण्याआधी कागद वाचून दाखवा म्हणून कसं म्हणायचं, हे सारं तिला समजावून सांगितलं. मला तिथे फारसं काही करावंच लागलं नाही. पुढे दरवर्षी हाच क्रम राहिला. हमीदाबी आजही धुळ्यात भावाच्या घरी आहे.

त्या पहिल्या दिवशी टेबलामागच्या हवालदारानं हमीदाबीचे कागद घेतले आणि मग त्याची नजर मायाअक्काच्या चेहऱ्यावर गेली. तिथेच थांबली. त्यानं हात पुढे केला.

"आणि तुमचा परवाना?"

मी पुढे सरसावले. माझ्या बॅगेत दोन्ही कोर्टांच्या निकालांच्या प्रती होत्या. अक्कानं मला हातानंच थांबवलं.

"मना काही काम नही, भाऊ," ती म्हणाली. "मी हिना संगे शे."